डोंगरउतारावरच्या शेजारी-शेजारी बिल्डिंगी भूकंपात एकमेकींचं काय करतात

ठाण्यात किंवा नवी मुंबईत फ्लॅट बघायला गेलं की माणूस पाणी किती वेळ येतं ते विचारतो, स्टेशन किती लांब ते विचारतो, पार्किंग स्टिल्टमध्ये मिळणार की ओपन ते विचारतो, आणि भूकंपाचं काय हा प्रश्न डोक्यात आलाच तर ब्रोशरवर "भूकंपरोधक आरसीसी स्ट्रक्चर" असं छापलेलं असतं, तेवढं वाचून पुढे जातो. ते वाक्य खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण ते एकट्या बिल्डिंगबद्दल असतं. भूकंप जमीन हलवतो, आणि त्या जमिनीवर तुमची बिल्डिंग असते, शेजारची असते, मधली कंपाऊंड वॉल असते, मागे तोडलेला डोंगर असतो, त्याला लावलेली रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत असते, हे सगळं एकाच वेळी हलतं आणि हलताना एकमेकांना ढकलतं, ओढतं, कधी आपटतं. सपाट आणि पक्क्या जागेवर ह्यातल्या बऱ्याच गोष्टी खपून जातात. उतारावर खपत नाहीत.

आणि आपल्याकडे उतार काय कमी आहेत का. येऊरच्या पायथ्याने उपवन, मानपाडा, पातलीपाडा करत घोडबंदर रोडने जा, एका बाजूला डोंगर आहेच. खाडीपलीकडे कळवा-मुंब्र्याला पारसिकच्या अंगावर वस्ती चढत गेलीय, मुंब्रा बायपासवर पावसाळ्यात दरडीची बातमी नवीन नाही. तीच पारसिकची रांग दक्षिणेकडे बेलापूरपर्यंत येते, खारघरचे डोंगर वेगळे, आणि उलव्याची टेकडी तर विमानतळासाठी कापूनच काढली. नवी मुंबईचा आडवा छेद एकदा डोळ्यासमोर आणून बघा, पूर्वेला डोंगर, पायथ्याशी एमआयडीसी, मग ठाणे-बेलापूर रोड आणि रेल्वे, मग सेक्टर, मग खारफुटी आणि खाडी. चार-पाच किलोमीटरच्या आत काळा पक्का बेसाल्ट, मुरूम, भराव आणि खाडीचा मऊ चिखल असं सगळं येऊन जातं. एकाच भूकंपात ह्या प्रत्येक ठिकाणचा माणूस वेगळा धक्का अनुभवेल.

"आपल्याकडे कुठे येतो भूकंप" हे ऐकायला लागतंच, म्हणून ते आधी उरकतो. आयएस १८९३ ह्या भूकंपाच्या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई, ठाणे, नवी मुंबई हा सगळा पट्टा झोन ३ मध्ये आहे, म्हणजे मध्यम धोका, शून्य धोका नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली, हादरा मुंबईपर्यंत आला आणि कोयनेची वीज बंद पडल्यामुळे मुंबईतले कारखाने थांबले. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाट व्हायच्या आत, किल्लारी. किल्लारीचा भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब असलेल्या अहमदाबादेत स्टिल्टवर उभ्या असलेल्या बिल्डिंगी खाली बसल्या. आणि अगदी शेजारी, पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून छोट्या छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली ती कित्येक महिने चालली. घाबरवायला हे सांगत नाहीये. पण झोन नंबर अख्ख्या शहराला एकच लागतो, तुमचा प्लॉट डोंगराच्या कडेला आहे की सपाटीवर हे तो नंबर सांगत नाही, आणि खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

आता थोडं सायन्स, पण घाबरू नका, दोन छोटे गुणाकार-भागाकार आहेत फक्त.

प्रत्येक बिल्डिंगचा स्वतःचा एक हेलकावा असतो. एकदा इकडे, एकदा तिकडे आणि परत जागेवर यायला जेवढा वेळ लागतो त्याला इंजिनिअर लोक पिरियड म्हणतात. ढोबळ हिशोब असा की मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग धरायचा, म्हणजे पाच मजली बिल्डिंग अर्ध्या सेकंदाच्या आसपास, आणि पंचवीस मजली टॉवर अडीच सेकंदाच्या आसपास, तो सावकाश आणि लांब डोलतो. अचूक आकडा भिंती किती, शिअर वॉल (आडवा धक्का घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) आहेत का, ह्यावर बदलतो पण अंदाज यायला हे पुरे. जमिनीच्या मऊ थरालाही असाच पिरियड असतो, थराची जाडी गुणिले चार, भागिले त्या थरातून आडवी हलवणारी लाट किती वेगाने जाते तो वेग. समजा खाडीकडच्या एखाद्या सेक्टरखाली १५ मीटर मऊ चिखल आहे आणि त्यात लाटेचा वेग सेकंदाला १२० मीटर आहे, तर साठ भागिले एकशे वीस, झाला अर्धा सेकंद. म्हणजे ती जमीन नेमकी पाच मजली बिल्डिंगच्या तालावर हलणार. ताल जुळला की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो, ह्याला रेझोनन्स म्हणतात. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत हेच झालं, भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब, पण शहर जुन्या तलावाच्या गाळावर वसलेलं, तो गाळ साधारण दोन सेकंदाच्या तालावर हलला आणि मधल्या उंचीच्या, सहा ते पंधरा मजल्यांच्या बिल्डिंगींचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. त्याच शहरात बुटकी घरं आणि काही खूप उंच इमारती तुलनेने वाचल्या.

उताराचंही असंच गणित आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. खालून वर येणारी लाट सपाट जमिनीवर पोचली की वरच्या पृष्ठभागावरून परत फिरते. डोंगराच्या कडेला पोचली तर तिला वरचा सपाट पृष्ठभागही भेटतो आणि बाजूचा उताराचा पृष्ठभागही भेटतो, दोन्हीकडून परतलेल्या लाटा कडेजवळ एकात एक मिसळतात आणि तिथे हालचाल वाढते. शिवाय कडेच्या मातीला एका बाजूने आधारच नाही, पलीकडे हवा आहे. त्यामुळे उताराच्या माथ्यावर, अगदी कडेला, धक्का सगळ्यात जास्त, आणि कडेपासून मागे मागे सरकलं की तो कमी होत जातो. साधारणपणे उतार जेवढा उंच तेवढं अंतर मागे गेलं की फरक दिसायला लागतो, पण हा काही नियम नाही, माती आणि आकारावर ठरतं.

युरोपच्या भूकंप कोडमध्ये ह्यासाठी सरळ आकडे दिलेत. उतार १५ अंशापेक्षा कमी असेल तर दुर्लक्ष करा, एकट्या उताराच्या माथ्याजवळ धक्का किमान १.२ पट धरा, आणि अरुंद माथ्याची डोंगराची धार असेल, उतार ३० अंशापेक्षा जास्त असेल, तर किमान १.४ पट. म्हणजे सपाट जागेसाठी जेवढं डिझाईन केलं त्याच्यावर वीस ते चाळीस टक्के. ही कागदावरची किमान वाढ झाली, प्रत्यक्षात कधी कधी ह्याच्याहून खूप जास्त नोंद झालीय. १९९४ च्या नॉर्थरिजच्या भूकंपात कॅलिफोर्नियात टारझाना नावाच्या ठिकाणी एका बुटक्या टेकडीवरच्या यंत्राने गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास १.८ पट प्रवेग नोंदवला, टेकडीचा आकार आणि खालचे थर दोन्हींचा त्यात हात होता. २०१० ला हैतीत पोर्ट-ओ-प्रिन्सच्या डोंगराळ उपनगरात एका धारेवरच्या घरांचं नुकसान खालच्या काही भागांपेक्षा जास्त झालं.

सगळ्या बिल्डिंगींना हा वाढीव धक्का सारखा बसत नाही. लाटेची लांबी उताराच्या उंचीच्या साधारण पाचपट असेल तेव्हा माथ्यावर वाढ सगळ्यात जास्त असते. हिशोब करून बघू. ३० मीटरचा मुरमाचा उतार धरा, लाटेचा वेग सेकंदाला ३०० मीटर धरा. तीस गुणिले पाच म्हणजे १५० मीटरची लाट, ती ३०० च्या वेगाने जायला अर्धा सेकंद. परत अर्धा सेकंद, परत पाचेक मजली बिल्डिंग! तोच उतार पक्क्या खडकाचा असेल आणि वेग हजार मीटर असेल तर ०.१५ सेकंद येतो, म्हणजे तिथे एक-दोन मजली बंगल्याला जास्त त्रास आणि वीस मजली टॉवरला ह्या कारणाने फारसं काही नाही. म्हणून "डोंगरावर खडक आहे, आमचं घर सेफ" किंवा "डोंगरावर आहे म्हणजे गेलंच" ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. कुठला डोंगर, किती उंच, कशाचा, आणि वर काय उभं आहे, चारही गोष्टी एकत्र लागतात.

पायथ्याचं थोडक्यात सांगतो. उताराच्या अगदी पायथ्याला लाटांच्या ह्याच मिसळण्यामुळे धक्का बऱ्याचदा सपाटीपेक्षाही थोडा कमी असतो. पण पायथ्याला भीती हादऱ्याची नसून वरून येणाऱ्या दगड-मातीची असते, ते पुढे येईलच.

आता शेजारी. बिल्डिंग हलते तेव्हा ती पायामधून जमिनीलाही हलवते, म्हणजे भूकंपाची लाट बिल्डिंगमध्ये गेली, बिल्डिंग डोलायला लागली की तिच्या पायातून नवीन लाटा जमिनीत परत जातात, आणि शेजारच्या बिल्डिंगच्या पायापर्यंत पोचतात. एका गादीवर दोघं झोपलेले असताना एकाने कूस बदलली की दुसऱ्याला कळतं, तसं आहे हे, गादी जितकी मऊ तितकं जास्त कळतं. अमेरिकेत पॅसाडेनाला कॅलटेक विद्यापीठात पूर्वी मिलिकन लायब्ररी नावाने ओळखली जाणारी नऊ मजली बिल्डिंग आहे, तिच्या गच्चीवर हलवणारं यंत्र बसवून तिला मुद्दाम तिच्या तालावर डोलवलं, तर तिची कंपनं कित्येक किलोमीटर लांब माउंट विल्सनवरच्या यंत्रात दिसली. भूकंप नव्हता, एक बिल्डिंग आणि गच्चीवरचं एक यंत्र. मग दहा-पंधरा फुटांवरच्या शेजाऱ्याला काहीच पोचणार नाही असं कसं म्हणणार?

ह्यात कोणाला फायदा, कोणाला तोटा हे आधी सांगता येत नाही, आणि ह्या विषयातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. कधी शेजारची बिल्डिंग तुमचं हलणं थोडं कमी करते, कधी वाढवते. पण एक गोष्ट बहुतेक वेळा दिसते, की जड आणि उंच बिल्डिंगच्या बाजूला हलकी, बुटकी बिल्डिंग असेल तर परिणाम बुटकीवर जास्त होतो, कारण मोठीच्या पायातून येणारं हलणं तिला झेलायला लागतं आणि तिच्याकडून मोठीला फार काही जात नाही. आता ठाण्याचा विचार करा, जुनी चार मजली सोसायटी आणि तिच्या कंपाऊंडला लागून नवीन चाळीस मजली टॉवर, हे दृश्य रोजचंच झालंय. टॉवर स्वतःच्या डिझाईनने उभा राहील, पण शेजारच्या चार मजली बिल्डिंगचं डिझाईन झालं तेव्हा तो टॉवर नव्हता.

आणि हे सगळं उतारावर नेलं की गुंता वाढतो. सपाट जागेत दोन बिल्डिंगींमधून लाट चारी बाजूंना पसरते, उतारावर एका बाजूला जमीन संपते, तिथून लाट परत फिरते आणि पुन्हा बिल्डिंगकडे येते. शिवाय दोघींच्या खालची माती सारखी नसते. डोंगरावर प्लॉट सपाट करायचा तर आतल्या बाजूचा डोंगर कापतात आणि तोच माल बाहेरच्या बाजूला भराव म्हणून टाकतात. एकाच प्लॉटवर ए विंग कापलेल्या खडकावर आणि बी विंग भरावावर, असं होऊ शकतं. पाइल, म्हणजे पायाचे जमिनीत खोल गेलेले खांब, खडकापर्यंत नीट गेले असतील तर ठीक, नसतील तर ए विंग आखूड झटक्यात हलते, बी विंग सावकाश लांब हलते आणि थोडी खचतेही. कडेच्या बिल्डिंगचं अजून एक, ती डोलते तेव्हा तिचं वजन एकदा आतल्या पायावर आणि एकदा बाहेरच्या पायावर येतं, बाहेरच्या पायाखालची माती दाबाखाली उताराकडे सरकायला बघते, तिला अडवायला पलीकडे काही नसतं. म्हणून पायाच्या कोडमध्ये नियम आहे की पायाच्या खालच्या कडेपासून खाली तिरकी रेषा काढायची, मातीत आडव्याशी ३० अंशाने, खडकात ६० अंशाने, आणि उताराचा पृष्ठभाग त्या रेषेच्या आत घुसता कामा नये. तुमचा पाया बांधला तेव्हा हा नियम पाळला असेल, पण खालच्या प्लॉटवाल्याने नंतर बेसमेंटसाठी खोदलं तर उतारच बदलला ना! तुमच्या बिल्डिंगला कोणी हात लावला नाही आणि तरी तिचं गणित बदललं.

माझ्या मते मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं ते दोन बिल्डिंगींमधल्या फटीकडे. भूकंपात दोघींचा ताल वेगळा असेल तर एक उजवीकडे जात असताना दुसरी डावीकडे येते, मधे जागा नसेल तर आपटतात. ह्याला पाउंडिंग म्हणतात, मेक्सिको सिटीत १९८५ ला हे खूप ठिकाणी झालं. आता आपटण्याचेही प्रकार आहेत. सपाट जागेवर एकसारख्या दोन बिल्डिंगी शेजारी असल्या तर स्लॅब स्लॅबवर आपटतो, स्लॅब हा आडवा, जाड, त्याच्या पातळीत मजबूत, प्लास्टर निघेल, काँक्रीट फुटेल पण सहसा निभावतं. उतारावर काय होतं, खालच्या प्लॉटची जोती खाली, वरच्या प्लॉटची जोती चार-पाच फूट वर. म्हणजे एकीचा स्लॅब दुसरीच्या दोन स्लॅबच्या मधोमध येतो. तो आपटतो तो थेट कॉलमच्या पोटात. कॉलम वरून येणारं वजन घ्यायला बनवलेला, त्याला मधेच बाजूने असा फटका बसला तर तो तुटू शकतो, आणि कॉलम तुटला की वरचे सगळे मजले त्याच्यावर असतात. डोंगरउतारावरच्या वस्तीत जोती वेगवेगळ्या पातळीवर असणं हे अपवाद नाही, तेच नेहमीचं आहे, त्यामुळे कॉलमच्या पोटात बसणारा फटकाही तिथे नेहमीचाच धोका धरायला हवा.

किती फट हवी ते कोड सांगतं. डिझाईन करताना बिल्डिंग किती सरकेल ते काढतात, पण ते कमी केलेल्या बलावर काढलेलं असतं, म्हणून त्याला आर नावाच्या आकड्याने गुणायचं, कॉलम-बीमच्या साध्या फ्रेमला ३, नीट डक्टाईल डिटेलिंग केलेल्या, म्हणजे न तुटता वाकेल अशा सळया बांधलेल्या फ्रेमला ५. समजा हिशोबात तुमची बिल्डिंग १५ मिलिमीटर सरकते, शेजारची १०, दोन्हींचा आर ५, तर पंच्याहत्तर अधिक पन्नास म्हणजे १२५ मिलिमीटर, पाच इंच. स्लॅब समोरासमोर एकाच पातळीवर असतील तर कोड हे अंतर जवळपास निम्म्यावर आणायची सवलत देतो, स्लॅबच्या पातळ्या चुकल्या तर सवलत नाही. म्हणजे उतारावर फट जास्त लागते. आणि प्रत्यक्षात नवी मुंबईच्या गावठाणांमध्ये, ठाण्याच्या जुन्या दाट वस्त्यांमध्ये खिडकीतून हात काढला की शेजारच्याच्या भिंतीला लागतो. घणसोली, तळवली, दिव्यात गरजेपोटी बांधलेल्या घरांना नावं ठेवून काही होणार नाही, ज्यांची जमीन शहरासाठी गेली त्यांनी उरलेल्या तुकड्यात मुलाबाळांची सोय केली, पण म्हणूनच तिथे क्लस्टर (अख्ख्या वस्तीचा एकत्र पुनर्विकास) किंवा एकेकट्या बिल्डिंगचा पुनर्विकास होताना ह्या फटीचा प्रश्न पहिल्या पानावर यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

बरं, ज्यांच्याकडे फट आहे तिथेही ती खरंच फट आहे का ते बघा. मोठ्या सोसायटीत दोन विंगच्या मधे एक्सपान्शन जॉईंट, म्हणजे मुद्दाम सोडलेली फट असते, बाहेरून ॲल्युमिनियमची पट्टी मारलेली असते, छान दिसते. ती पट्टी काढली की आत काय असतं? विटांचे तुकडे, वाळलेला माल, सेंट्रिंगच्या फळीचा तुकडा, बांधताना पडलेलं आणि कोणी न काढलेलं. कधी गळती बंद करायला कोणीतरी वरून सिमेंटच भरून टाकलेलं असतं. फट भरली की दोन विंग वेगळ्या राहिल्याच नाहीत, भूकंपात त्या भरलेल्या जागीच एकमेकींना धडकणार. वेगवेगळ्या सोसायट्यांच्या मधल्या जागेत तर बॉक्स ग्रिल, वाढवलेले छज्जे, एसीचे स्टँड, ड्रेनेजचे पाइप, पत्र्याची शेड, सगळं आत घुसलेलं असतं. चार फुटांची जागा सहाव्या मजल्यावर दीड फूट उरलेली असते.

उतारावरच्या बिल्डिंगचं एक स्वतःचं दुखणं पण आहे, शेजाऱ्याचा संबंध नाही तरी सांगतो. उतारावर बांधताना आतल्या बाजूचे कॉलम आखूड आणि बाहेरच्या बाजूचे लांब ठेवतात, जमीन तशी असते म्हणून. आडव्या धक्क्यासाठी कॉलमचा ताठपणा त्याच्या लांबीच्या घनाने बदलतो. तीन मीटरच्या कॉलमपेक्षा दीड मीटरचा कॉलम आठपट ताठ. धक्का ताठ कॉलमकडे आधी जातो, म्हणजे डोंगराच्या बाजूचे ते आखूड कॉलम जवळपास सगळा भार स्वतःवर ओढून घेतात आणि तिरक्या भेगा पडून फुटतात. वर बिल्डिंग पिळली जाते कारण एक बाजू ताठ, एक ढिली. त्यात बाहेरच्या बाजूला खाली सगळी स्टिल्ट पार्किंग मोकळी ठेवलेली असेल तर काय होतं ते अहमदाबादने दाखवलंय. पिळून हलणारी बिल्डिंग कोपऱ्यावर जास्त सरकते, त्यामुळे तिच्या कोपऱ्यापाशी शेजारची बिल्डिंग असेल तर फट अजून मोठी लागते. म्हणजे शेजाऱ्याचा संबंध आलाच शेवटी.

दोन प्लॉटच्या मधली रिटेनिंग वॉल ही तर दोघांच्या सामाईक नशिबाची गोष्ट. वरच्या सोसायटीचं वजन तिच्या मागच्या मातीवर, खालची सोसायटी तिच्या समोर. भूकंपात भिंतीमागची माती नेहमीपेक्षा जास्त दाब देते, हा वाढीव दाब काढायची पद्धत जपानमध्ये ओकाबे आणि मोनोनोबे ह्या इंजिनिअरांनी १९२३ च्या कांतोच्या मोठ्या भूकंपानंतर, १९२० च्या दशकातच मांडली, आजही तीच वापरतात. पण ती पद्धत कोरड्या, निचरा झालेल्या मातीवर आधारलेली आहे. भिंतीला जे छोटे पाइप दिसतात, वीप होल, ते निचऱ्यासाठीच असतात. आपल्याकडे ते रंग देताना बुजवतात, गवत उगवतं, मागे प्लास्टिक अडकतं. जुलैमध्ये त्या पाइपातून पाणी येत नसेल आणि भिंतीला ओल, फुगवटा, आडवी भेग दिसत असेल तर पाणी मागे साठलंय. पाण्याने भरलेली माती जड होते आणि तिची पकड कमी होते. अशा वेळी मध्यम भूकंपही पुरेसा होतो. १८ सप्टेंबर २०११ ला सिक्कीमला भूकंप आला तो पावसाळा संपत आलेला असताना, आणि दरडींनी रस्तेच्या रस्ते बंद केले. माळीण आणि इर्शाळवाडीला तर भूकंपाची गरजही पडली नाही, नुसता पाऊस होता.

आपल्या डोंगरांबद्दल अजून एक. हा सगळा बेसाल्ट लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनलाय, आणि दोन थरांच्या मधे बऱ्याच ठिकाणी लाल मातीसारखा मऊ पट्टा असतो, रेड बोल म्हणतात त्याला, रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात विटकरी रंगाची आडवी रेघ दिसते ती हीच. ओली झाली की ती निसरडी होते. पनवेल फ्लेक्शर नावाच्या पट्ट्यात आपल्याकडचे हे थर पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे कललेत. त्यामुळे जो उतार पश्चिमेकडे तोंड करून कापलाय तिथे थर बाहेरच्या बाजूला कललेले असू शकतात, आणि वरचा दगड ह्या लाल पट्ट्यावरून घसरायची शक्यता पूर्वेकडच्या कापापेक्षा जास्त. जुन्या खाणींच्या उभ्या कडांवर सुरुंगांनी दगड आधीच सैल झालेला असतो, ते वेगळंच.

मग करायचं काय? ३० वर्षांवरच्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट करायला लागतंच, पण ते ऑडिट बहुतेक वेळा बिल्डिंगच्या भिंतीपाशी थांबतं, कॉलमवर हातोडी मारून बघितली, काँक्रीटची ताकद बघणाऱ्या रिबाउंड हॅमरचे आकडे घेतले, रिपोर्ट तयार. उताराजवळ असाल तर ऑडिटरला लेखी सांगा की जॉईंटची पट्टी दोन-तीन ठिकाणी उघडून आतला फोटो द्या, शेजारच्या बिल्डिंगच्या स्लॅबच्या पातळ्या आमच्या पातळ्यांशी मोजून द्या, रिटेनिंग वॉल कोणाच्या मालकीची का असेना तिची पाहणी करा, आणि उतारासाठी वेगळा जिओटेक्निकल, म्हणजे माती-खडकाचा इंजिनिअर घ्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ते काम नाही. जॉईंट साफ करणं हे ह्यातलं सगळ्यात स्वस्त काम आहे, आतला माल खरवडून काढायचा आणि दाबला गेला तर दबेल असं मऊ मटेरियल घालून वरून वॉटरप्रूफ पट्टी लावायची. फट वाढवता येत नसेल तर बिल्डिंग ताठ करून तिचं सरकणं कमी करता येतं, स्टिल्टमध्ये नवीन शिअर वॉल किंवा ब्रेसिंग (तिरके आधार) घालून, आपटण्याच्या जागचे कॉलम जॅकेट करून, म्हणजे बाहेरून आवरण घालून जाड करून, पण हे डिझाईन केल्याशिवाय करू नका, एकाच कोपऱ्यात भिंत उभी केली तर बिल्डिंग अजून पिळायला लागेल.

असेंब्ली पॉइंटची पाटीही बघून घ्या. डोंगराच्या बाजूच्या बऱ्याच सोसायट्यांत मोकळी जागा म्हणजे मागची, रिटेनिंग वॉलला लागून असलेली, आणि पाटी तिथेच लागलेली असते. आगीसाठी ती जागा ठीक असेल, भूकंपात तिथे जमणं म्हणजे भिंतीखाली जाऊन उभं राहणं. हादरा बसत असताना घरातच टेबलाखाली थांबायचं, थांबल्यावर जिन्याने उतरून गेटच्या बाजूला, भिंतीपासून आणि दोन बिल्डिंगींच्या मधल्या बोळापासून लांब.

आणि तुमची किंवा शेजारची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जात असेल तर हीच वेळ आहे, एकदा टॉवर उभा राहिला की पातळ्या बदलत नाहीत. शेजारच्या सेक्रेटरीकडून बोअरहोलचा, म्हणजे जमिनीत भोक पाडून खालचे थर तपासल्याचा रिपोर्ट मागा, तुमच्याकडे असेल तर तुमचा त्यांना द्या, दोन प्लॉटचे बोअरहोल शेजारी ठेवले की खडक कुठे खाली जातो आणि भराव कुठे सुरू होतो ते लगेच दिसतं. पीएमसीच्या (रिडेव्हलपमेंटसाठी सोसायटी नेमते त्या सल्लागाराच्या) अपॉइंटमेंट लेटरमध्येच तीन गोष्टी लिहून घ्या: खोदकाम सुरू व्हायच्या आधी शेजारच्या बिल्डिंगींच्या भेगांचे तारखेसकट फोटो, खोदकाम चालू असताना उताराच्या आणि रिटेनिंग वॉलच्या हालचालीची आठवड्याला नोंद, आणि नवीन बिल्डिंगच्या डिझाईनमध्ये शेजारच्या बिल्डिंगीचं अंतर आणि स्लॅबच्या पातळ्या दाखवणारं एक ड्रॉइंग, जे दोन्ही सोसायट्यांच्या ऑफिसात राहील.